बुरुंडीचा इतिहास वाचायचाय? मग सुरुवात हुतू-तुत्सीपासून करू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भाच्याला एम.ए.ला आफ्रिका आलीय आणि तो बुरुंडीला पार वैतागलाय, म्हणून ही पद्धत सांगतो.

आधी राजांच्या नावांचा घोळ मिटवा. न्तारे, म्वेझी, मुतागा, म्वांबुत्सा ही चारच नावं आलटून पालटून येतात, त्यामुळे आकडा लिहिल्याशिवाय नाव लिहायचंच नाही. राजाला म्वामी म्हणतात आणि राजघराण्यातले भाऊबंद म्हणजे गान्वा. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन समाजांतला वाद मोठा आहेच, पण आधी या गान्वांची आपापसातली भाऊबंदकी समजून घ्या, नाहीतर पुढचे खून डोक्यावरून जातात.

जर्मन, मग १९१६ पासून बेल्जियन, हा भाग भरभर उरका. आपल्या बडोदेकरांना तो सोपाच जातो, १८७५ ला इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना काढून कवळाण्याच्या १२ वर्षांच्या मुलाला (म्हणजे सयाजीरावांना) गादीवर बसवलं तसंच काहीसं, फक्त म्वांबुत्सा चौथा १९१५ ला गादीवर आला तेव्हा अगदीच लहान पोर होता आणि कारभार गोऱ्यांच्या नजरेखाली.

आता खरी मेहनत १९६१ ते १९६६ वर घ्या, एका कागदावर तारखा खाली खाली लिहा आणि प्रत्येकीपुढे "फायदा कोणाचा" हे लिहाच. म्वांबुत्साचा थोरला मुलगा रवागासोरे, त्याच्या उप्रोना पक्षाला सप्टेंबर १९६१ मध्ये ६४ पैकी ५८ जागा, हुतू-तुत्सी दोघंही बरोबर, आणि १३ ऑक्टोबरला तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला बसलेला असताना त्याला गोळी घातली. गोळी झाडणारा ग्रीक होता, पण कट विरोधी गान्वांच्या पक्षातला. माझ्या मते सगळं इथेच फिसकटलं. १ जुलै १९६२ ला स्वातंत्र्य आलं तेव्हा सगळ्यांना धरून ठेवणारा माणूसच नव्हता.

१९६५ ला निवडणुकीत हुतूंना बहुमत मिळालं तरी राजाने पंतप्रधान केला आपलाच गान्वा सेक्रेटरी, मग ऑक्टोबरमध्ये उठाव झाला, तो फसला, पण राजा युरोपात पळाला तो पळालाच. जुलै १९६६ ला धाकट्या मुलाने बापालाच काढलं आणि न्तारे पाचवा झाला, वय १८. त्याने कॅप्टन मिकोंबेरोला पंतप्रधान केलं आणि २८ नोव्हेंबरला, राजा किन्शासाच्या दौऱ्यावर असताना, त्याच मिकोंबेरोने रिपब्लिक जाहीर केलं. झालं!

पण १९६६ ला वही बंद करू नका. न्तारे १९७२ ला देशात परतला आणि गितेगात मारला गेला, आणि त्याच वर्षी हुतूंची भयंकर कत्तल झाली. १९७६ आणि १९८७ ची लष्करी बंडं एका ओळीत चालतील, १९९३ ला मात्र थांबा, निवडून आलेले पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष न्दादाये यांना काही महिन्यांतच सैनिकांनी मारलं आणि यादवी तिथूनच पेटली.