‘राजकीय उदासीनता’ : कुणाची ते आधी ठरवा

मतदान घसरलं की सातारा-सांगलीकडच्या बातम्यांत ‘राजकीय उदासीनता’ हमखास येते. ती लिहिण्याआधी एवढंच बघा: उदासीन नेमकं कोण? ‘राजकीय उदासीनतेमुळे उपसा सिंचन योजना रखडली’ यात उदासीन आहेत पुढारी. ‘राजकीय उदासीनतेमुळे मतदान केंद्रं ओस पडली’ यात मतदार. म्हणून माणूस आणि विषय दोन्ही घाला: ‘योजनेबाबत पुढाऱ्यांची उदासीनता’, ‘लोकसभेबाबत मतदारांची उदासीनता’. विषय तर हवाच. ग्रामपंचायतीला ईर्ष्येनं मतदान करणारं गाव लोकसभेला थंड असू शकतं. त्याला सरसकट उदासीन म्हणणं अन्याय आहे.

मूळ शब्द उद् + आसीन, म्हणजे अलग बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलातल्या, म्हणजे मित्र-शत्रू राजांच्या मांडणीतल्या, १२ राजांपैकी एक ‘उदासीन’; तो भांडणाबाहेरचा, पण बलाढ्य. आजच्या मराठीत मात्र ‘कुणी का निवडून येईना, आपल्याला काय त्याचं!’ हाच अर्थ उरलाय. ‘उदास’शी गल्लत नको. उदास म्हणजे खिन्न; उदासीन माणूस पारावर खुशाल हसत बसलेला असेल.

सगळ्यात जास्त चूक होते ती न आलेल्या मतदाराबद्दल. विटा-खानापूरकडचा गलाई (सोनं-चांदी गाळणारा) कारागीर परराज्यात भट्टीवर अडकला, तर ती गैरहजेरी. पाण्यासाठी अख्ख्या गावानं मतदान नाकारलं, तर तो बहिष्कार. २०१३ पासून यंत्रावर आलेलं ‘नोटा’चं बटण दाबायला रांगेत उभा राहिलेला माणूस तर उदासीन मुळीच नव्हे. १९४३ च्या प्रतिसरकारचं उदाहरण घ्या. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, लोकांनी इंग्रजी राज्याकडे पाठ फिरवली आणि गावात स्वतःची न्यायदान मंडळं उभी केली. याला असहकार म्हणतात. कारण कळलं नसेल तर ‘मतदान कमी झालं’ एवढंच लिहावं.

जवळचे शब्दही पारखून घ्या. दोन्ही बाजू माहीत असून कुणाकडेच न झुकणारा तो तटस्थ. जाणूनबुजून लांब राहणारा अलिप्त. उदासीन ‘राजकारणाबाबत’, अलिप्त ‘राजकारणापासून’, तटस्थ ‘वादात’. पुढे जोडलेला शब्द किंवा प्रत्यय बदलला की वाक्य अडखळतं. मंडळाचा पक्षाशी संबंध नसेल तर ‘बिगरराजकीय’ लिहा. ‘अराजकीय’ घाईत ‘अराजक’ वाचलं जातं, आणि अराजक म्हणजे बेबंदशाही.

लिहिताना ‘सी’ दीर्घच: उदासीनता. ‘औदासीन्य’ही चालेल, पण ‘औदासीन्यता’ नको. भाववाचक प्रत्यय दोनदा लागतो.