बाळ सांभाळायचं काम सोडताय? मग असं सांगा

पुण्या-मुंबईत बाळं सांभाळणाऱ्या बऱ्याच जणींचं काम सगळं तोंडीच ठरलेलं असतं, त्यामुळे सोडताना किती दिवस आधी सांगायचं हे पण कुणी बोललेलं नसतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे आपल्याकडे, पण तो नोंदणी आणि योजनांसाठी. मी तरी म्हणेन महिनाभर आधी सांगा, एजन्सीतून लागला असाल तर आधी तिथला कागद नीट वाचून घ्या.

सांगायचं कधी, तर पगार हातात पडल्यावर, सुट्टीच्या दिवशी, बाळाचे आई-बाबा दोघंही घरी असताना. मॅडम ऑफिसची बॅग खांद्याला लावून लिफ्टपाशी उभ्या आहेत तेव्हा अजिबात नको. सरळ म्हणा, "ताई, मी पुढच्या पाच तारखेपर्यंत येईन, तोवर दुसरं कुणीतरी बघा." आणि संध्याकाळी तेच व्हॉट्सअॅपवर पण टाका, म्हणजे तारखेवरून नंतर वाद नको.

आता समोरून काय येईल? बरेच जण आधी पगार वाढवतो म्हणतात. पैशासाठीच सोडत असाल तर ऐका ना, त्यात लाजायचं काय, पण दुसरीकडे शब्द दिला असेल तर तिथेच नाही म्हणून टाका. काही जण "बाळ तुझ्याशिवाय जेवत नाही गं" म्हणतात, ते खरंही असतं आणि आपलाही जीव तुटतो, तरी तारीख पुढे ढकलत बसू नका. आणि काही जण चिडून "मग उद्यापासूनच येऊ नकोस" म्हणतात, म्हणून तर पगार झाल्यावर सांगायचं. तेव्हा भांडू नका, जितके दिवस भरलेत तितक्यांचे पैसे शांतपणे मागा. 15000 पगार असेल आणि 12 दिवस झाले असतील तर तिसाच्या हिशोबाने 6000 होतात, उचल घेतली असेल तर ती त्यातून वजा. हजेरीवरून वाद झाला तर सोसायटीच्या गेटवर रोजची एन्ट्री असते, ती दाखवा.

शेवटचा आठवडा मात्र बाळासाठी ठेवा. नवीन मावशी आल्या की दोन-तीन दिवस त्यांनाच भरवू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. पेज किती पातळ लागते, दुपारी कुठल्या कुशीवर थोपटलं की डोळा लागतो, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ येतं, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि घराची चावी मॅडमच्याच हातात द्या.