थकलेल्या दिवसांत हरिपाठ कसा धरावा

वेळ सांजवातीची ठेवावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाची छोटी पोथी जवळ घ्यावी. एवढी तयारी पुरते.

अवघड जागा यानंतर येते. घरातले आजारपण, गेलेली नोकरी किंवा वर्षानुवर्षांची ओढाताण यांनी माणूस पिचलेला असला की देवापुढे बसल्यावर शब्द फुटत नाहीत, आणि फुटलेच तर ते तक्रारीचे असतात. अशा वेळी ‘आधी मन शांत करा, मग नाम घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच मान्य नाही. मन आपले आपण शांत करता आले असते, तर माणूस देवाच्या दारी आला कशाला असता? मलाही याच पायरीने सर्वाधिक काळ अडवून ठेवले, म्हणून स्पष्ट सांगते: आधी गाऱ्हाणे घालावे, तेही मोठ्याने आणि घरच्या बोलीत. 1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि ते दुःख त्यांनी अभंगात झाकून ठेवले नाही. जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात तर विठोबाला चक्क ‘कारटा’ म्हटले आहे, आणि वारकऱ्यांनी तो गाळून टाकला नाही. मात्र गाऱ्हाणे देवाकडे घालावे. देवाविषयी मनातल्या मनात कुढत बसू नये. ‘तो असे का करतो’ हा विचार रात्रभर डोक्यात घोळत राहतो, पण तसबिरीकडे पाहून ‘तू असे का करतोस’ असे विचारले की बोलणे केव्हातरी संपते. संपले की गप्प बसावे. उत्तर मिळाले का, याची चाचपणी करू नये.

मग हरिपाठ म्हणावा. त्याचे 27 अभंग आहेत, पण अंगात त्राण नसेल तर पहिलाच म्हणून उठावे. देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्यापलीकडे तो आपल्याकडून काही मागत नाही. म्हणायचे ते मोठ्यानेच, कारण नुसते डोळ्यांनी वाचताना थकलेले मन तिसऱ्या ओळीला घरखर्चावर पोचलेले असते. पुण्याची गणना कोण करी, असे हरिपाठाचे धृपदच विचारते, तेव्हा जपसंख्येची वही या दिवसांत कपाटात गेलेली बरी.

दिवसा भांडी घासताना, कपडे वाळत घालताना नाम चालू ठेवावे.

जवळपास भजनी मंडळ असेल तर एकादशीला मागच्या रांगेत जाऊन बसावे. गळा भरून आला तर नुसते टाळ धरावेत, सूर इतरांचे पुरतात. नंतर चौकशा करणारे भेटतातच. त्यांना ‘बरं आहे’ एवढे सांगून चप्पल घालावी.

झोप आणि जेवण काही आठवड्यांपासून सुटले असेल, तर हरिपाठासोबत डॉक्टरांकडेही जावे आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या नियमाने घ्याव्यात. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.