घरच्या घरी एचपीव्ही टेस्ट: किट आणलंय, आता काय?

वहिनीने एचपीव्हीचं (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस) किट आणलं आणि पंधरा दिवस फ्रिजवर तसंच पडलं, विरार लोकलने घरी यायलाच नऊ, त्यात वन रूम किचनमध्ये निवांतपणा कुठला, शेवटी रविवारी सगळे बाहेर गेल्यावर बाथरूमची कडी लावून पाच मिनिटांत उरकलं.

पाळीत करू नका, प्रेग्नंट असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. हात धुवा, एक पाय स्टुलावर, स्वॅबचं (नमुना घ्यायच्या काडीचं) मऊ टोक कशाला लागू द्यायचं नाही, अंग सैल सोडून साधारण दोन इंच हळूच योनीत, किटवर लिहिलंय तेवढे सेकंद गोल फिरवायचं आणि थेट ट्यूबमध्ये. गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचायची गरजच नसते, सगळ्या तिथेच घाबरतात! ट्यूबवर नाव-तारीख लिहा आणि किटवर सांगितल्याप्रमाणे लॅबला द्या.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे हो, व्हायरस सापडला इतकंच, पण पुढची तपासणी डॉक्टरकडेच. निगेटिव्ह असेल तर डब्ल्यूएचओच्या हिशोबाने तिशीनंतर 5 ते 10 वर्षांनी परत. आणि संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल तर किटची वाट बघू नका, सरळ गायनॅककडे जा.