झेड ड्राइव्हवर लाल फुली आली की

आमच्या सी.ए. ऑफिसात सहा कॉम्प्युटर. सातवा सरांच्या टेबलाखाली धूळ खात असतो, त्याला आम्ही कौतुकानं 'सर्व्हर' म्हणतो. आहे साधाच, विंडोज १० वाला. क्लायंटची सगळी फोल्डरं आणि टॅलीचा डेटा त्याच्यावर, आणि बाकी सगळ्यांना तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. मी बी.कॉम. झालेली अकाउंटंट, पण झेड बंद पडला की हाक मलाच. ३० सप्टेंबर जवळ आला, टॅक्स ऑडिटची घाई सुरू झाली की "ताई, झेड गेला" हे रोजचंच.

आधी एक सांगते. ड्राइव्ह काढून परत मॅप करायची (म्हणजे सर्व्हरचं फोल्डर झेड म्हणून नव्यानं जोडायची) घाई करू नका. आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला एवढंच करायचा, पैसे घ्यायचा आणि चार दिवसांनी पुन्हा तीच रड.

फुलीवर डबल-क्लिक करून बघा. फोल्डर उघडलं तर बिघाड नाहीच. पंधरा मिनिटं कुणी काही उघडलं नाही की सर्व्हर जोडणी सोडून देतो, हात लावला की परत धरतो. सकाळच्या फुलीचं कारण वेगळं. लाइट जाऊन आली की सगळी मशीन एकदम चालू होतात. नवी एसएसडीवाली लगेच तयार, आणि सर्व्हरची जुनी हार्ड डिस्क अजून घरघरतेय. म्हणून आमच्याकडे सर्व्हर आधी, मग चहा, मग बाकीची मशीन.

डबल-क्लिकनंही उघडलं नाही, तर कमांड प्रॉम्प्ट उघडा (साधाच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा नको) आणि 'नेट यूज \\सर्व्हर\क्लायंट' असं, तुमच्याकडची नावं घालून, इंग्रजीत (net use) टाइप करा. खाली एररचा नंबर येतो. सगळी मेख त्या नंबरात.

५३ आला तर सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाहीये. तो चालू आहे का, स्लीपमध्ये गेलाय का, नेटवर्क स्विचचे (सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी जिथं जोडतात त्या डबीचे) दिवे लागलेत का, ते बघा. एकदा मी तासभर सेटिंग्ज उकरत बसले होते आणि झाडताना मावशींनी स्विचचा प्लग काढून ठेवला होता! दिवे ठीक असतील तर सर्व्हरला आधी नावानं, मग आयपीनं (नेटवर्कवरच्या त्याच्या नंबरानं) पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे ते टाइप करून तो उत्तर देतो का बघा. आयपीला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर घोळ नावाचा आहे. झेड आयपीवर मॅप करा, पण राउटरमध्ये तो आयपी सर्व्हरसाठी राखून ठेवा, नाहीतर उद्या तो बदलेल. पिंग होतंय तरी ५३ येतोय, तर सर्व्हरवरच जाऊन नेटवर्क प्रोफाइल बघा. आम्ही राउटर बदलला तेव्हा विंडोजनं नवं नेटवर्क 'पब्लिक' धरलं आणि फायरवॉलनं (विंडोजच्या राखणदारानं) ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं एक दार, बंद केला. फाइल शेअरिंग त्याच पोर्टवरून चालतं. प्रोफाइल 'प्रायव्हेट' केलं, काम झालं.

६७ म्हणजे सर्व्हर सापडला, पण त्या नावाचं शेअर (सगळ्यांसाठी खुलं केलेलं फोल्डर) नाही. आमच्या नव्या आर्टिकलनं (सी.ए. शिकणाऱ्या पोरानं) फोल्डरचं नाव बदललं होतं, बास.

८६ किंवा १३२६ आला तर पासवर्डचा घोळ. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज पासवर्ड जपून ठेवतं तिथं) जुना पासवर्ड चिकटून बसलेला असतो, तो काढा. पिन मात्र इथं चालत नाही, खरा पासवर्डच लागतो. ५ आला तर परवानगी नाही. ती शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्ये, दोन्हीकडे द्यावी लागते.

सगळ्यात वैताग १२१९ चा. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनेमनं जोडायला गेलात की तो येतो. सरांच्या लॅपटॉपवर झेड एका नावानं होता आणि त्याच सर्व्हरचा वाय ड्राइव्ह दुसऱ्या. त्या सर्व्हरच्या सगळ्या जोडण्या 'नेट यूज'नं डिलीट करा आणि एकाच नावानं परत जोडा. दोन नावं हवीच असतील तर एक ड्राइव्ह सर्व्हरच्या नावानं मॅप करा आणि दुसरा आयपीनं. विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात.

ऑफिसात सर्व्हरऐवजी नॅस (नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा) असेल आणि विंडोज ११ प्रोवर २४एच२ हे अपडेट आल्यापासून तो उघडत नसेल, तर तुम्ही बहुतेक बिनपासवर्डाचे, गेस्ट म्हणून आत जात होता. ते आता मुळातच बंद आहे. नॅसवर पासवर्डसह युजर तयार करा. नेटवरचे 'एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असले सल्ले ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं पसरला होता.

आणखी एक. झेड एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडलेल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन विंडोज वेगळं धरतं, आणि तुमचा झेड त्या लॉगिनमध्ये नसतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) उपाय आहे, पण मी त्याला हात लावत नाही. सॉफ्टवेअरमध्ये झेडऐवजी दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा पूर्ण पाथ घालते.