पिकअपचा एलईडी बार धड लागत नाही? वायरिंगमधली खराबी अशी शोधा

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाट उतरताना माझ्या पिकअपचा एलईडी बार, म्हणजे पुढे बसवलेली जादा दिव्यांची पट्टी, विचित्र वागायला लागला. नुसता लावला की लख्ख, पण हॉर्न दाबला की लुकलुक करून विझायचा. मागे साठ क्रेट टोमॅटो, पहाटे साडेतीनची वेळ, वरून झड. घाटात प्रत्येक वळणाला हॉर्न, आणि प्रत्येक हॉर्नला अंधार. घरी आल्यावर ज्याने बार बसवला होता त्याच्याकडे गाडी नेली. त्याने आधी "बार गेला" म्हणून सांगितलं आणि नंतर "बॅटरी उतरलीय". दोन्ही ठणठणीत होते. खराबी निघाली एका बोल्टखाली, आणि ती शोधायला पाऊण तास लागला. त्याच क्रमाने इथे सांगतो. क्रम मोडू नका, नाहीतर चांगल्या वस्तू बदलत बसाल.

सामान

साधा, स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पण त्याच्याबरोबर टेस्ट लॅम्प हवाच, आणि तो घरीच करा. जुना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर, हात-दीड हात लांबीच्या दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिपा, एवढंच लागतं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे वायरीच्या आत सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी तो ऐटीत १२.५ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, "करंट तर येतोय!" हा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. वायर कुजकी असेल तर तो मिणमिणतो आणि जागेवर चोर सापडतो.

बाकी पॉलिश पेपर, सुटे फ्यूज, एक जादा रिले (स्विचच्या इशाऱ्यावर जाड वायरीतला करंट जोडणारी-तोडणारी छोटी डबी) आणि तीन-चार मीटर जाड वायर. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जोड सोडवताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि बसवताना शेवटी बसवा. पिवळ्या आवरणातल्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना आणि इंजिनच्या सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

पायरी १: बार थेट बॅटरीवर लावून बघा

बारचा कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड) सोडवा आणि जादा वायरीने, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घालून, तो थेट बॅटरीच्या प्लस-मायनसला जोडा. न लागल्यास वायरी उलट केल्या नाहीत ना, ते बघा. साध्या बल्बला प्लस-मायनसचं घेणंदेणं नसतं, एलईडी उलटा जोडला तर लागत नाही. मागच्या स्टिकरवर '१०-३० व्होल्ट' किंवा '१२ व्होल्ट' आहे ना, तेही वाचा. मोठ्या ट्रकसाठीची २४ व्होल्टची पट्टी पिकअपवर लावली तर ती मंद जळते किंवा जळतच नाही.

थेट जोडूनही बार लुकलुकला तर दोष बारमध्येच. स्थिर लागला तर बारचा विषय संपला, पुढचं सगळं वायरिंगचं. माझा बार थेट बॅटरीवर दहा मिनिटं डोळा न लवता जळत होता.

बॅटरीही इथेच मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं.

पायरी २: फ्यूज

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरने दोन्ही पाती तपासा. आणि त्याहून महत्त्वाचं, होल्डर बघा. आतल्या पितळी चिमट्या सैल होऊन प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर फ्यूज शाबूत असूनही होल्डर गेलेला असतो.

पायरी ३: रिले

बहुतेक जणांची गाडी इथे अडते, कारण रिलेला चार पाय असतात आणि चारही सारखे दिसतात. बुडाशी आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, ८७ वरून बारकडे जाणारी. ८६ वर स्विचकडून येणारी बारीक वायर आणि ८५ बॉडीला, म्हणजे अर्थला. स्विच दाबला की आतली कॉइल ८५-८६ मधून करंट घेते आणि ३० ला ८७ शी जोडते.

रिलेवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला स्विच दाबायला सांगा. बोटाला 'टक' जाणवली पाहिजे.

टक नसेल तर रिले उपटा आणि स्विच चालू ठेवून टेस्ट लॅम्प सॉकेटच्या ८५ आणि ८६ मध्ये लावा. लॅम्प लागला तर रिलेची कॉइल गेली, रिले बदला. नाही लागला तर एक टोक ८६ वरच ठेवून दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. आता लागला तर ८५ चा अर्थ तुटला आहे. तरीही नाही, तर खोट स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

टक येते पण दिवा नाही, असं असेल तर सॉकेटमध्ये ३० आणि ८७ वायरीच्या तुकड्याने जोडा. बार लागला तर रिलेचे आतले पॉइंट जळाले आहेत. पाच पायांच्या रिलेत मधोमध '८७ए' असतो. बारची वायर चुकून त्यावर बसली की स्विच बंद केल्यावर बार लागतो आणि चालू केल्यावर विझतो. हसू येईल, पण हे मी दोन गाड्यांवर पाहिलंय.

पायरी ४: बार चालू ठेवून मोजा

खरं काम इथे आहे. बार बंद असताना घेतलेलं व्होल्टेज काही सांगत नाही. इंजिन चालू करा, बार लावा आणि मगच मीटर उचला.

आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. समजा १४.१ आलं. मग बारच्या पाठीमागच्या कपलरवर, तो न सोडवता, मागून पिना घालून मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत कमी असेल तर उत्तम, एक व्होल्टच्या वर कमी असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे. कुठल्या बाजूला? लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी बारच्या प्लस वायरीला लावा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत खर्ची पडतंय. मग लाल पिन बारच्या मायनस वायरीला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. हा अर्थच्या वाटेतला खर्च.

माझ्या गाडीत प्लसकडे ०.४ आलं, अर्थकडे १.७. तसंच मीटर धरून हॉर्न दाबायला लावला आणि आकडा चारच्या वर गेला. म्हणजे हॉर्नचा आणि बारचा परतीचा करंट एकाच अरुंद वाटेने जात होता. हॉर्नचा आवाज बसल्यासारखा का येतो, याचंही उत्तर त्याच आकड्यात मिळालं.

साधा बल्ब व्होल्टेज कमी पडलं की नुसता पिवळा पडतो. चांगल्या एलईडी बारच्या आत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, असतो आणि तो उजेड कायम ठेवायचा हट्ट करतो. व्होल्टेज घटलं की तो अँपिअर वाढवून मागतो. अँपिअर वाढले की खराब जोडावर आणखी व्होल्टेज खर्च होतं, म्हणजे बारला आणखी कमी मिळतं. शेवटी त्याची खालची मर्यादा येते आणि ड्रायव्हर बंद पडतो. बंद पडताच ओढ संपते, व्होल्टेज उसळून वर येतं, तो पुन्हा सुरू होतो. हीच ती लुकलुक. म्हणून लुकलुकणारा बार फेकून देण्याआधी त्याला पोटभर मिळतंय का, ते मोजा.

पायरी ५: अर्थ

अर्थवर संशय आला की खात्री करणं सोपं आहे. जादा वायर घ्या, एक टोक बारच्या मायनसला, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. वागणं सुधारलं की संपलं.

माझ्या गाडीत रेडिएटरच्या पुढच्या पट्टीवर एक बोल्ट होता. बारचा लग (वायरीच्या टोकाला दाबलेली कडी), जोड-हॉर्नचा लग, दोन्ही त्याखाली, आणि लगच्या खाली कंपनीचा रंग तसाच! रंगावर लग आवळला होता. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता, आणि दोन पावसाळ्यांत तिथे हिरवट-पांढरी भुकटी साठली होती. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, लग बदलले, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून व्हॅसलीन फासलं. बारचा अर्थ मात्र स्वतंत्र वायरीने बॅटरीच्या मायनसलाच नेला.

मागच्या दिव्यांसाठी एक गोष्ट पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवायची. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते आणि हौदा चासीवर वेगळा आवळलेला असतो. हौद्याच्या पत्र्याला दिलेला अर्थ आज चालतो, सहा महिन्यांनी रुसतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधूक पेटतो, पार्किंग लावलं की ब्रेकचा दिवा मरगळतो, हे सगळं तिथलंच. तिथून चासीपर्यंत एक वायर ओढा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत गाडी चालत असेल तर हे जोड दर पावसाळ्यापूर्वी उघडून बघा.

वायर बारीक आहे का?

प्लसच्या वाटेत खर्च जास्त आला तर बहुधा हेच कारण. अर्ध्या स्क्वेअरच्या, म्हणजे ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या, वायरीला मीटरमागे साधारण ०.०३७ ओहम रेझिस्टन्स असतो. जाऊन-येऊन दहा मीटर वायर आणि ८ अँपिअरचा बार म्हणजे जवळपास ३ व्होल्ट वायरीतच गेले. तीच २.५ स्क्वेअरची असती तर ०.६. ऑटो स्पेअरच्या दुकानात २.५ स्क्वेअरच मागा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच घाला, कारण तो वायरीला वाचवण्यासाठी असतो.

फ्यूज सारखा उडत असेल

एकामागून एक फ्यूज जाळू नका, आणि जास्त अँपिअरचा फ्यूज तर मुळीच घालू नका. फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा टेस्ट लॅम्प लावा. बारचा कपलर सोडवा आणि स्विच चालू करा. वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असेल तर लॅम्प पूर्ण उजेडात लागेल, पण काही जळणार नाही. आता वायर बॅटरीपासून पुढे हलवत जा, विशेषतः जिथे ती पत्र्याच्या भोकातून जाते, चिमटीत सापडते किंवा सायलेन्सरजवळून जाते तिथे. ज्या जागी हलवल्यावर लॅम्प विझला, तिथेच सालटं निघालेलं असणार.

एलईडी इंडिकेटर भराभर मारतोय

ही खराबी नाही. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला २१ वॉटच्या बल्बची सवय असते. दोन-तीन वॉटचा एलईडी दिसला की त्याला वाटतं बल्ब गेला. फ्लॅशर बदलता येत असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. नव्या गाड्यांत तो कंट्रोल मॉड्यूलमध्येच असतो, तिथे ६ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर बल्बला समांतर लावावा लागतो. तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून पत्र्यावर आवळा. प्लास्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यात नको.

सकाळी बॅटरी बसलेली

एक फसवा प्रकार असा होतो की बारचा फ्यूज उडालेला, दिवा दिसत नाही, पण स्विच चालूच राहिलेला. रिलेची कॉइल तासाला ०.१५ अँपिअर-अवरच्या आसपास पीत बसते, दिवसाला साडेतीन. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर ७० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी रिकामी. स्विचची लाइन बॅटरीवरून न घेता इग्निशनवरून घ्या. खात्री करायची तर सगळं बंद करून मायनस काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. थोडा वेळ थांबल्यावर सहसा ५० मिलिअँपिअरच्या आत दिसावं. मीटर तसाच जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर मरेल.

जोड

साल काढून पिळा मारायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची, हा आपल्याकडचा राष्ट्रीय जोड आहे. इंजिनजवळच्या उष्णतेने टेपचा डिंक पाघळतो आणि पहिल्या पावसात पाणी आत. दाबायचा लग किंवा बट-जॉइंट (दोन टोकं जोडणारी दाबायची नळी) आणि वर तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, एवढा खर्च करा. कपलर असा लटकवा की वायर आधी खाली झोका घेऊन मग वर जाईल. पाणी झोक्यावरून टपकून जातं.

सगळं बसल्यावर बार अर्धा तास चालू ठेवा आणि होल्डर, रिले, लग हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग बारवर पाण्याचा पाइप मारून पुन्हा लावून बघा. त्याचं तोंड रस्त्याकडे खाली वळवा. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, आणि धुक्यात वर बघणारा बार आपल्याच डोळ्यांवर उलटतो.

मी शेवटी अर्थच्या वाटेवर मीटर लावून हॉर्न पूर्ण अर्धा मिनिट दाबून धरायला लावला. आकडा ०.१ वरून हलला नाही आणि बारही हलला नाही. आई मात्र लाटणं घेऊन बाहेर आली.