सुरतेला बस्त्याला जायच्या आधी

लग्न ठरलं, तारीख निघाली की पुढचा प्रश्न बस्त्याचा. जळगावपासून नंदुरबारपर्यंत बहुतेक घरांत त्याचं उत्तर सुरत हेच असतं. ताप्ती लाईनची गाडी दारावरून जाते, सुरतेच्या उधना-लिंबायत भागात प्रत्येकाचं कोणी ना कोणी राहतं, आणि आपल्या गावातल्या दुकानातल्या निम्म्या साड्या तिथूनच आलेल्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुरत मोठी आहे. रिंग रोडवर एकेका मार्केटात मजल्यावर मजले आणि गाळ्याला गाळा लागून आहे. यादी न करता गेलेलं कुटुंब दुपारपर्यंत थकतं आणि संध्याकाळी समोर येईल ते उचलून गाडी गाठतं. म्हणून खरी खरेदी घरीच, वही-पेन घेऊन करायची. सुरतेत फक्त माल बघायचा.

वहीचं पहिलं पान माणसांचं ठेवा. ‘आहेराच्या साड्या चाळीस’ असं कधीच लिहू नका. नावं लिहा. आत्या, मावशी, मामी, चुलत सासू, विहीणबाई, घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी, शेतातल्या सालदाराची बायको, जात्यावर ओव्या म्हणायला येणाऱ्या बाया. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: वय काय, पाचवारी की नऊवारी, आणि ती बाई रोज काय नेसते. नोकरीवाली असेल तर तिला इस्त्री न लागणारी हलकी साडी आवडेल. शेतात राबणारीला सरकणारं जॉर्जेट काही कामाचं नाही. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजीला खड्यांच्या कामाची जड साडी दिली तर ती हात जोडून घेईल आणि पेटीत टाकेल.

हे मी एवढं लांबवून सांगते, कारण आहेराची साडी आपल्याकडे फार फिरते. माझ्या आत्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा अशाच साड्यांचा आहे. प्लॅस्टिकची पिशवी तशीच, वर दुकानाचा स्टिकर, एकीच्या घडीत तर कोणाच्या तरी नावाची चिठ्ठीही राहून गेलेली. इकडून आली, तिकडे गेली, तिसऱ्या लग्नात पुन्हा इकडे आली. तिच्यावर पैसे गेले, माणसं दमली, गाडीभाडं झालं, आणि ती नेसली कोणीच नाही. पन्नास रुपये कमी-जास्त झाले तरी चालतील, पण जिला देतो ती बाई ती साडी नेसून पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली पाहिजे. यादी करायची ती यासाठी.

आणि एक. घरातल्या, भावकीतल्या ज्या बाईचा नवरा गेलेला आहे तिच्यासाठी बाजूला काढलेली फिक्या रंगाची स्वस्त साडी ठेवायची रीत आता तरी मोडा. तिला फोन करा, कोणता रंग आणू म्हणून विचारा, आणि तिच्या नावापुढे तो रंग लिहा.

नावं झाली की त्याच वहीत तीन ढीग पाडा: नवरीच्या नेसायच्या, जवळच्या मानाच्या, आणि बाकी देण्याच्या. कारण तिन्हींचा बाजार वेगळा आहे. देण्याच्या साड्यांना सुरत उत्तम. मानाच्या साड्याही तिथे चांगल्या मिळतात, नीट बघून घेतल्या तर. नवरीचा शालू किंवा पैठणी मात्र सुरतेच्या यादीत घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पैठणी घ्यायची तर येवल्याला जा. मनमाडला उतरलं की पुढे येवला जवळच आहे, मागावर विणताना बघता येते. सुरतेत पैठणी म्हणून जी दाखवतात ती यंत्रमागावरची सेमी पैठणी असते. तशी घ्यायला हरकत नाही, पण सेमीच्या भावाने. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात.

सुती नऊवारीही सुरतेच्या यादीतून काढा. तिथला बाजार पाचवारीचा आहे, साडेपाच मीटर साडी आणि ८० सेंटीमीटर ब्लाऊजपीस, एकूण ६.३० मीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. आजीबाईंची लुगडी धुळ्याच्या आग्रा रोडला, जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा आपल्या तालुक्याच्या गावी निवांत बघता येतात. टॉवेल-टोपीही तिथूनच. ज्या कपड्याला माप लागतं तोही परगावी घेऊ नये, म्हणजे नवरदेवाची शेरवानी, सूट वगैरे. बाही आखूड झाली तर सुरतेला परत कोण जाणार? आणि सोनं जळगावचंच. सुरतेत हिरे घासले जातात, महिधरपुऱ्यात आणि वराछाच्या मिनी बाजारात त्यांचा व्यवहार चालतो, पण तो व्यापाऱ्यांचा आपापसातला बाजार आहे. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचं तिथे काम नाही. सोनं कुठेही घेतलंत तरी दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, बघा, १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे.

आता सुरतेत जायचं कुठे. देण्याच्या साड्यांसाठी रिंग रोड. सहारा दरवाजापासून पुढे मार्केटंच मार्केटं आहेत: मिलेनियम, राधाकृष्ण, सुरत टेक्स्टाईल मार्केट आणि कितीतरी. हा घाऊक बाजार. इथे बहुतेक गाळ्यांवर एक-एक साडी देत नाहीत, सेट घ्यावा लागतो. एका डिझाइनचे चार, सहा किंवा आठ रंग मिळून एक सेट. आहेराला ही पद्धत सोयीचीच, पण घरून हिशेब करून जा. सहाच्या सेटमध्ये चार रंग छान आणि दोन कोणालाच न आवडणारे असतात, ते दोन कोणाला द्यायचे याचा विचार तिथे गाळ्यावर होत नाही. शिवाय सहा चुलत जावांना एकाच डिझाइनच्या साड्या दिल्या तर त्या खुश होतात की रुसतात, हे तुम्हालाच माहीत.

एक-एक साडी बघून घ्यायची असेल तर उमरवाड्याचं बॉम्बे मार्केट बरं. तिथे किरकोळ गिऱ्हाईकही धरतात आणि मानाच्या साड्यांना निवड चांगली मिळते. बांगड्या, खोटे दागिने, लेस, लटकन, पर्स, रुखवताला लागणाऱ्या सजावटीच्या वस्तू यांसाठी भागळजवळचा चौटा बाजार. गल्ल्या अरुंद, गर्दी फार, लहान मुलं नेऊ नका. घोड दोड रोडकडे मोठी शोरूम आहेत, पण तिथे जाऊन शोरूमच्याच भावाने घ्यायचं असेल तर त्यासाठी सुरत कशाला गाठायची?

दिवस ठरवताना कॅलेंडर काढा. रिंग रोडची घाऊक मार्केटं रविवारी बंद असतात. शनिवारी रात्री निघून रविवारी पोहोचणारी मंडळी दरवर्षी दिसतात. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार जवळजवळ झोपलेला असतो, आणि १४ जानेवारीला उत्तरायण, त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर दिवाळीच्या बरंच आधी जाऊन या. मंगळवार-बुधवार चांगले. सकाळी फार लवकर जाऊन उपयोग नाही, दुकानं दहा-अकराला नीट लागतात. गाडीचं तिकीट काढताना ती उधन्यालाच संपते की सुरत स्टेशनपर्यंत जाते ते बघा. स्वतःच्या गाडीने जायचं तर कोंडाईबारीचा घाट उजेडात उतरा, पावसाळ्यात तर नक्कीच.

माणसं किती न्यायची, यावर घरोघरी वाद होतात. आपल्याकडे बस्त्याला दोन्हीकडची मिळून क्रूझर भरते, कधी दोन. मानापानाचा भाग आहे, मला कळतं. तरी माझं ऐका, दोन्हीकडची मिळून सहाच्या वर नको. त्यात नवरी हवीच. नवरीला घरी ठेवून तिचे कपडे आणणारे लोक आहेत अजून, ते करू नका. एक हिशेब ठेवणारा, एक कापड ओळखणारी, आणि विहीणबाईंकडची एक बाई जिचा शब्द त्यांच्या घरात चालतो. बाकीच्यांना आदल्या दिवशी फोटो मागा: कसला रंग, कसलं काम. गाळ्यावर बसून व्हिडिओ कॉलवर दहा जणांना विचारत बसलं की एका साडीला अर्धा तास जातो.

स्टेशनवर रिक्षावाले ‘चांगल्या दुकानात नेतो, भाडं नको’ म्हणतील. नको म्हणा. त्यांचं कमिशन तुमच्या साडीत मोजलं जातं. त्यापेक्षा लिंबायत, डिंडोली, उधन्यातल्या नातेवाइकाला आधी फोन करा. खानदेशातून गेलेली किती तरी कुटुंबं तिथे मार्केटांत आणि मागांवर कामाला आहेत. रिंग रोडवर मुकादम किंवा हमाल चेहरा बघूनच ‘कोन्ता गावना शेतस भाऊ?’ विचारतो, आणि अमळनेर म्हटलं की चार चांगल्या गाळ्यांची नावं सांगतो. अशा माणसाचं ऐकावं.

पैशांची तयारी. सगळी रोख बाळगू नका, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेताही येत नाही. यूपीआयची दिवसाची मर्यादा बहुतेक बँकांत १ लाख आहे, म्हणून दोघांचे मोबाइल तयार ठेवा. पक्कं बिल मागा. साडी कापडात धरतात, तिच्यावर ५ टक्के जीएसटी. शिवलेल्या तयार कपड्याचं वेगळं आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के. म्हणजे १०,००० चा तयार लेहंगा हातात ११,८०० ला पडतो. भाव विचारताना ‘टॅक्स धरून की सोडून?’ हे आधी विचारा, बिल फाडताना नाही.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच. शिंप्याची टेप, पांढरा रुमाल, जुळवायचे दागिने किंवा त्यांचा फोटो, मोठी कापडी पिशवी, आणि वही.

टेप आणि रुमाल कशाला, ते सांगते. गाळ्यातल्या दिव्यांखाली राणी रंग आणि लाल एकच दिसतात. पसंत पडलेली साडी उचला आणि जिन्याकडे, दारापाशी, जिथे उन्हाचा उजेड येतो तिथे न्या. पूर्ण उघडा. पदरापासून शेवटपर्यंत उजेडासमोर धरत सरकवत जा, आडवी रेघ, सुटलेला धागा, सरकलेली छपाई लगेच दिसते. दुकानदार कंटाळला तरी कंटाळू द्या. टेपने लांबी मोजा, ६.३० मीटर भरते का बघा. ब्लाऊजपीस साडीलाच जोडून आहे की वेगळा, तेही विचारा. ओला रुमाल गडद रंगावर जोरात घासा, रंग लागला तर ती साडी ठेवून द्या. खडे लावलेले असतील तर नखाने एक-दोन हलवून बघा. चिकटवलेले खडे पहिल्या गरम इस्त्रीत सुटतात, शिवलेले टिकतात.

साडीतली जरीची तार तीन प्रकारची असते. चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली खरी, तांब्याच्या तारेची इमिटेशन, आणि प्लॅस्टिकची. सुरत जुन्या काळापासून जरीचं गाव आहे, तिथल्या कारागिरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण हजार-दीड हजारांच्या साडीत खरी जर नसते, कोणी कितीही छातीठोक सांगो. रेशीम म्हणून घेत असाल तर सिल्क मार्कचं लेबल मागा. शंका असेल तर काठाचा एक धागा ओढून बाहेर नेऊन जाळा. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होऊन बसतं. डोला सिल्क, विचित्रा सिल्क ही नावं ऐकून रेशीम समजू नका. साड्या दिसायला सुंदर असतात, नेसायलाही सोप्या, त्यांच्या भावात घ्याव्यात.

माल जास्त झाला तर गाडीत कोंबू नका. रिंग रोडच्या आसपास ट्रान्सपोर्टवाले आहेत, जळगाव-धुळ्याला पार्सल येतात. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, घेतल्याशिवाय पार्सल सोडू नका आणि तिचा फोटो लगेच घरी पाठवा. ५०,००० रुपयांच्या वरचा माल असेल तर राज्याबाहेर पाठवायला ई-वे बिल लागतं, ते दुकानदाराकडूनच करून घ्या. नवरीच्या साड्या मात्र हातातच आणा. घाऊकवाले एकदा दिलेला माल सहसा परत घेत नाहीत. खराब निघाली तर बदलून देणार का, आणि किती दिवसांत, हे बिलावर त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

दुपारी जेवायला दीड तास ठेवा, उपाशी माणसाला रंग कळत नाहीत. लोचो आणि खमण कुठेही चांगलं मिळतं. थंडीत गेलात तर पोंक खा, आपल्या हुरड्याचाच भाऊ. घारी आणायची तर निघताना घ्या, ती तुपाची असते आणि फार दिवस टिकत नाही. नानखटाई टिकते, वाटायला तीच बरी.

घरी आल्यावर दोन दिवसांत पार्सल उघडा. बिल समोर ठेवून मोजा, प्रत्येक साडी एकदा उलगडा, दोष निघाला तर फोटो काढून त्याच दिवशी दुकानदाराला कळवा. मग वहीतली नावं चिठ्ठ्यांवर लिहून टाचणीने नव्हे, दोऱ्याने घडीला बांधा, टाचणीचा गंज उतरतो. ज्या जवळच्या बायकांना लग्नातच साडी नेसायची आहे त्यांना ब्लाऊजपीस आधी पोचवा. लग्नसराईत शिंपी आणि फॉल-पिकोवाल्या बाया महिना महिना अडकलेल्या असतात, म्हणून नवरीचे ब्लाऊज तरी दीड महिना आधी टाकलेले असू द्या.